उसाला कायदा, ऊस तोडणाऱ्याला उपदेश

[मराठवाड्यांतील एका गांवीं पोळ्यानंतर भरलेल्या ऊसतोड मजूर, शेतकरी व कारागीर यांच्या सभेंत झालेलें भाषण.]



पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नाहीं, तोंच मुकादमाची मोटारसायकल गांवांत फिरूं लागली आहे. कोणी उचल घेतली असेल, कोणी घ्यायच्या बेतांत असेल. दसरा-दिवाळी आटोपली कीं चुलीसकट बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढेल आणि निम्मा गांव ओस पडेल. म्हणून जें सांगायचें तें आज सांगितलें पाहिजे. अंगठा उठल्यावर सांगितलेलें शहाणपण काय कामाचें?

मला विषय दिला आहे तो असा कीं, धंदा करणाऱ्यानें माणसाचे हक्क पाळावेत म्हणून राष्ट्रांचीं सरकारें काय धोरण ठेवतात. शब्द जड आहेत, पण गोष्ट तुमच्या भाकरीची आहे. एखाद्यानें धंदा काढला. त्या धंद्यांत कोणाचा हात तुटला, कोणाचें पोर शाळा सोडून फडांत राबलें, कोणाची मजुरी बुडाली. तर जाब कोणाला विचारायचा? आणि त्यानें जाब दिला नाहीं तर सरकार काय करणार? एवढाच हा विषय आहे.

ह्याचें उत्तर आपल्या खेड्यांत फार दिवसांपासून ठरलेलें आहे. तुमचा बैल दुसऱ्याच्या ज्वारींत शिरला तर काय होतें? बैल कोंडवाड्यांत जातो. धन्याला दंड भरून तो सोडवावा लागतो. तेथें धनी असें म्हणूं शकत नाहीं कीं, "बैल माझा खरा, पण राखायला गुराखी ठेवला होता, जें काय असेल तें गुराख्याला विचारा." असें कोणी बोललाच तर चावडीवरचीं माणसें त्याला हंसतील. ज्याच्या घरीं बैलाची कमाई जाते, त्यानेंच बैलाच्या नुकसानीचा दंड भरायचा, हा न्याय शाळेंत न गेलेल्या माणसालाहि कळतो.

आतां हाच न्याय साखरेच्या धंद्याला लावून पाहूं.

नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघें राबणार, पण हिशेबांत एक. उचल नवऱ्याच्या नांवावर, अंगठा नवऱ्याचा; बायकोचें नांव कोणत्याहि वहींत नाहीं. पहाटे अंधारांत फड गांठायचा, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोकीवर घेऊन गाडी भरायची. गाडी रात्रीं आली तर रात्रीं भरायची. एक दिवस अंग मोडून आलें, तर तो खाडा. आणि खाड्याचे पैसे उलट आपल्याच अंगावर. राहायला पाचटाची कोप. न्हाणी नाहीं, संडास नाहीं, पाणी दुसऱ्याच्या विहिरीचें. पट्टा पडला तरी उचल फिटत नाहीं; ती पुढल्या हंगामाच्या खात्यावर चढते.

ह्या जगण्याची किंमत आमच्या बायकांनीं कशी भरली, तें २०१९ सालीं उघड झालें. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात अशी ओरड झाली, तेव्हां सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणींत सबंध देशाचें प्रमाण शंभरांत सुमारें तीन होतें. लहानपणीं लग्न, कोंवळ्या वयांत बाळंतपणें, "पिशवी काढली नाहीं तर कर्करोग होईल" अशी भीति घालणारे डॉक्टर, हीं कारणें आहेतच. पण दर महिन्याला येणारे चार दिवस हे खाड्याचे दिवस ठरतात, आणि अंगावरचें दुखणें घेऊन मोळी उचलावी लागते, हें कारण त्या सर्वांच्या मुळाशीं आहे. पोट भरण्यासाठीं पोटांतला अवयव काढावा लागतो, ह्याला दुसऱ्या कोणत्या देशांत धंदा म्हणत असतील?

बरें, जाब कोणाला विचारायचा? कारखान्याकडे जा. कारखाना म्हणतो, "हे मजूर आमचे नव्हत. आमचा करार मुकादमाशीं." मुकादमाकडे जा. तो म्हणतो, "मी कसला मालक? मीच कारखान्याचा पैसा अंगावर घेतला आहे. एखादा कोयता पळाला तर घर माझें विकतें." सरकारकडे जा. सरकार म्हणतें, "मालक कोण तें आधीं सिद्ध करा." असा हा तिन्ही दारांवर फिरून आलेला माणूस शेवटीं पुन्हां फडांतच जातो.

पण बंधूंनो, एक गोष्ट नीट ध्यानांत घ्या. तोडणीचा दर कोण ठरवितो? जानेवारी २०२४ मध्यें दरांत ३४ टक्के वाढ ठरली. त्या वेळीं बोलणीं करायला एका बाजूला मजुरांचे पुढारी होते, आणि दुसऱ्या बाजूला सहकारी साखर कारखान्यांचा राज्य संघ होता.  दर ठरवायच्या वेळीं मालक, आणि मजूर मेला, भाजला, नागवला कीं परके! गुराख्याच्या नांवावर बैल खपविण्याचा हाच तो प्रकार.

आतां जगांत ह्याविषयीं काय चाललें आहे तें सांगतों. २०११ च्या जून महिन्यांत संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनें ३१ मार्गदर्शक तत्त्वें मान्य केलीं. तीं जॉन रगी नांवाच्या प्राध्यापकानें तयार केलीं होतीं. त्यांचें सार तीन वाक्यांत येतें. पहिलें, धंदेवाल्यांपासून माणसांच्या हक्कांचें रक्षण करणें हें सरकारचें कर्तव्य. दुसरें, दुसऱ्याच्या हक्कांवर पाय न देणें ही धंदेवाल्याची जबाबदारी. आणि ती स्वतःच्या आवारापुरती नसून ज्याच्याकडून तो माल घेतो त्याच्याहि कामापर्यंत पोंचते. तिसरें, ज्याचें नुकसान झालें त्याला दाद मिळालीच पाहिजे. राखणदार, बैलाचा धनी आणि कोंडवाडा, ह्या तिघांचीच ही गोष्ट. फक्त हीं तत्त्वें आहेत, कायदा नव्हे. प्रत्येक राष्ट्रानें आपापला आराखडा करून तीं अंमलांत आणावींत अशी अपेक्षा होती. ब्रिटननें असा पहिला आराखडा २०१३ सालीं काढला.

आपल्या सरकारनें काय केलें? कागद पुष्कळ केले. जुलै २०११ मध्यें कंपनी व्यवहार मंत्रालयानें धंद्यासाठीं नऊ तत्त्वें काढलीं. त्यांत पांचवें तत्त्व मानवी हक्कांचें. पण त्या पुस्तकाच्या नांवांतच 'ऐच्छिक' हा शब्द होता. मार्च २०१९ मध्यें तीं तत्त्वें सुधारून पुन्हां काढलीं. ह्या वेळीं 'ऐच्छिक' हा शब्द नांवांतून गेला, पण मोडणाऱ्याला शिक्षा कांहीं आली नाहीं. त्याच सुमारास मानवी हक्कांविषयींच्या राष्ट्रीय आराखड्याचा कच्चा मसुदा लोकांपुढें ठेवला. पुढें कित्येक वर्षें गेलीं, तरी पक्का आराखडा बाहेर पडला नाहीं. २०२१ सालीं सेबीनें हुकूम काढला कीं, शेअर बाजारांतील पहिल्या एक हजार कंपन्यांनीं आपण माणसांशीं व निसर्गाशीं कसे वागतों ह्याचा अहवाल दरसाल द्यावा. २०२२-२३ पासून तो सक्तीचा झाला. ही गोष्ट चांगली आहे, तिला मी नांवें ठेवीत नाहीं. पण आपला सहकारी साखर कारखाना शेअर बाजारांत आहे काय? नाहीं. मग त्याला हा हुकूम लागत नाहीं. जाळें विणलें मोठें, आणि ज्या ओढ्यांत आपण आहोंत तेथें तें पोंचतच नाहीं.

कोणी म्हणेल, "अहो, मोठ्या कंपन्यांनीं नफ्यांतले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत असा कायदा आहे ना?" आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यांत तें कलम आहे. त्यांतून शाळेला बाकें मिळतात, गांवाला पाण्याची टाकी मिळते, टाकीवर नांवहि मोठें लिहितात. पण दान निराळें आणि देणें निराळें. माझी मजुरी बुडवून माझ्या गांवांत टाकी बांधली, तर ती टाकी माझ्याच घामाची. ज्याचें देणें लागतो त्याला तें चुकतें करावें, मग दान करावें. आमच्या आयाबायांना हा हिशेब कळतो. तो मोठ्या हिशेबनिसांना कळत नसेल असें नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. तुमच्यांत ऊस पिकविणारे शेतकरी बसले आहेत, त्यांना मी विचारतों. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश तुम्हांला ठाऊक आहे. ऊस कारखान्यांत गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. न दिले तर दरसाल १५ टक्के व्याज. कारखान्यानें थकविलें तर साखर आयुक्त जप्तीचा हुकूम काढतो आणि महसुली थकबाकीसारखी वसुली होते. कारखाने पुष्कळदां तेथेंहि टाळाटाळ करतात, हें तुम्ही मला सांगूं नका. मी तें जाणतों. पण भांडायला तुमच्या हातांत कांहीं तरी आहे. पैसे कोणी द्यायचे, त्याचें नांव आहे. किती दिवसांत द्यायचे, त्याची मुदत आहे. न दिले तर काय, त्याचा दंड आहे. ह्या तीन गोष्टी असल्या म्हणजे त्याला कायदा म्हणतात. आणि ह्या तिन्ही नसल्या, नुसतें "चांगलें वागावें" असें लिहिलें, म्हणजे त्याला उपदेश म्हणतात.

एकाच फडांत हा प्रकार आहे पाहा. उभ्या उसाला कायदा आहे, आणि त्याला तोडणाऱ्या जिवंत बाईला उपदेश. मोळीचें वजन होतें, काट्यावर चढतें, तिची चिठ्ठी फाडतात. पण ती मोळी डोकीवर घेणारीचें नांव कोठेंहि लिहीत नाहींत.

ह्यावर धंदेवाले दोन आक्षेप घेतात. पहिला असा कीं, कायदा केला तर धंदा बुडेल. दुसरा असा कीं, हें सगळें परक्यांचें कारस्थान आहे. दोन्ही आक्षेप जुने आहेत. इतके जुने कीं त्यांना उत्तर देणारा पुरुषहि आपल्याच लोकांतला होता.

मुंबईंत कापडाच्या गिरण्या निघाल्या तेव्हां सात-आठ वर्षांचीं पोरें त्यांत राबत. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याची सुट्टी नाहीं. १८८१ सालीं पहिला कारखान्यांचा कायदा झाला. सात वर्षांच्या आंतल्या मुलांना कामाला लावूं नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षां जास्त काम घेऊं नये, असें त्यांत होतें. गिरणीवाल्यांनीं ओरड केली कीं, हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे. आपला माल महाग करण्यासाठीं त्यांनीं हें काढलें. ह्यांत खोटें फारसें नव्हतें. मँचेस्टरला मुंबईच्या पोरांचा कळवळा आला होता असें कोणीच म्हणणार नाहीं. पण त्या डावानें का होईना, सहा वर्षांचें पोर यंत्राखालून सुटलें ना? मग त्या पोराच्या आईनें डाव कोणाचा तें पाहावें, कीं पोर घरीं आलें तें पाहावें?

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं तेंच पाहिलें. 'दीनबंधु' पत्र चालविणारा हा सत्यशोधक पुरुष. त्यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. त्यांत काय मागितलें होतें? आठवड्यांतून रविवारची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर दुखापत झाली तर भरपाई. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी कबूल केली, आणि १८९१ च्या कायद्यांत आठवड्याची सुट्टी आली. गिरण्या बुडाल्या काय? त्या पुढें कित्येक वर्षें भरभराटीनें चालल्या. आणि ती मागण्यांची यादी पुन्हां एकदां ऐका: सुट्टी, विसांवा, वेळेवर पगार, दुखापतीची भरपाई. ह्यांतली एक तरी गोष्ट आज तुमच्या फडांत आहे काय? मुंबईच्या कामगाराला १८९० सालीं जो रविवार मिळाला, तो उसाच्या फडांत अजून उजाडलेला नाहीं.

आतां परदेशाची गोष्ट. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत राणा प्लाझा नांवाची इमारत कोसळली. तींत कपडे शिवण्याचे कारखाने होते. अकराशेंहून अधिक माणसें मेलीं, त्यांत बहुतेक बायका. भिंतीला आदल्या दिवशींच तडे गेले होते, तरी त्यांना आंत पाठविलें होतें. कपडे युरोप-अमेरिकेच्या बाजारपेठांत जात. तिकडच्या दुकानदारांना विचारलें तर त्यांचें उत्तर ठरलेलें: "कारखाना आमचा नव्हे." पाहा, मुकादमाचा पडदा सातासमुद्रांपलीकडेहि तोच! ह्या अनर्थानंतर फ्रान्सनें २०१७ सालीं कायदा केला. अति मोठ्या कंपन्यांनीं आपल्या पोटकंपन्या व माल पुरविणारे ह्यांच्याकडे माणसांचे हाल होत नाहींत ना, ह्याची आधींच पाहणी करावी. कसूर केली आणि त्यामुळें नुकसान झालें तर कोर्टांत भरपाई द्यावी. जर्मनीनें २०२१ सालीं तसाच कायदा केला, तो १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. २०२४ सालीं युरोपीय संघानें सर्व सभासद राष्ट्रांसाठीं असा निर्देश काढला. पण शाई वाळते न वाळते तोंच, २०२५ पासून, व्यापाऱ्यांच्या ओरडीमुळें तो पातळ करण्याची खटपट सुरू झाली. म्हणजे तेथेंहि पाणी सरळ वाहत नाहीं.

ह्या गोष्टीचा आपल्याशीं संबंध आहे. मार्च २०२४ मध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स' ह्या अमेरिकन वृत्तपत्रानें महाराष्ट्रांतल्या उसाच्या फडांवर मोठा लेख छापला, आणि येथली साखर पेप्सी व कोका-कोला ह्या पेयांच्या कामीं जाते, हें दाखवून दिलें. तुमच्या डोकीवरच्या मोळीची गोडी दूर दूरच्या बाटल्यांत उतरते. मग तुमच्या दुखण्याचा विचार त्या बाटलीवाल्यानें कां करूं नये? परक्यांचा डाव असेल तर असो. आपण आपल्या पोरीबाळींकडे पाहावें, लोखंड्यांनीं पाहिलें तसें.

पण परक्यांच्या तोंडाकडे पाहत बसण्याची आपल्याला गरज नाहीं. पडदा कसा फाडायचा तें आपल्याच देशानें तीन वेळां करून दाखविलें आहे.

१९६६ सालीं बिडी कामगारांचा कायदा झाला. घरीं बसून बिडी वळणारी बाई ठेकेदाराकडून पान-तंबाखू घेते, बिड्या ठेकेदाराला देते, कारखानदाराचें तोंडहि पाहत नाहीं. तरी कायदा म्हणाला कीं, ती कामगारच, आणि कारखानदार हाच मुख्य मालक. कारखानदार सर्वोच्च न्यायालयांत गेले. १९७४ सालीं न्यायालयानें कायदा उचलून धरला.

१९६९ सालीं आपल्याच राज्यानें माथाडी कामगारांचा कायदा केला. हमाल आज ह्या दुकानीं, उद्यां त्या दुकानीं. एक मालक सांगतां येत नाहीं. म्हणून मंडळ काढलें. व्यापाऱ्यानें तेथें नांव नोंदवायचें, मजुरी व वर लेव्ही मंडळांत भरायची, आणि मंडळानें हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधि व औषधपाणी द्यायचें.

१९८२ सालीं दिल्लींत आशियाई खेळांसाठीं बांधकामें चाललीं होतीं. सरकार म्हणालें, मजूर ठेकेदाराचे. सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ठेकेदाराच्या आड लपतां येणार नाहीं; आणि किमान वेतनाहून कमी देऊन काम घेणें ही राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें बंद केलेली वेठच होय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलांत आल्या. बिडीचा आणि कंत्राटी कामगारांचा हे जुने कायदे त्यांत विरघळले. ठेकेदारानें मजुरी बुडविली तर मुख्य मालकानें ती भरावी, हें कलम संहितेंतहि आहे. पण पन्नासांहून कमी माणसें लावणाऱ्या ठेकेदाराला तेथें परवान्याची सक्ति नाहीं. आणि आपली टोळी केवढी? दहा कोयते, पंधरा कोयते. जाळ्याचें भोंक नेमकें टोळीएवढें!

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें मी म्हणणार नाहीं. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवानें ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघालें आहे. टनामागें दहा रुपये कारखान्यांनीं व तितकेच सरकारनें द्यावेत असें ठरलें. ग्रामसेवकाकडून ओळखपत्र देण्याचें ठरलें. मुलांसाठीं संत भगवानबाबा वसतिगृहें मंजूर झालीं. २०२३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानेंहि ह्या मजुरांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. पण कल्याण म्हणजे मलम. घाव कोणी घातला तें नांव लिहिल्याशिवाय घाव पडायचे थांबत नाहींत. म्हणून आपलें मागणें सरळ आहे. तोडणी-वाहतुकीच्या कामांत कारखाना हाच मुख्य मालक, असें कायद्यानें लिहा. टोळी लहान असो कीं मोठी, प्रत्येक मजुराची नोंद घ्या, आणि बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नांवानें घ्या. मजुरी, दवाखाना, राहण्याची सोय व अपघाताची भरपाई ह्यांची मुदत व दंड ठरवा. आणि दर हंगामाला साखर आयुक्त जो गाळप परवाना देतो, तो ही यादी व ह्या सोयी पाहूनच द्यावा. परवाना अडला कीं बॉयलर पेटत नाहीं, आणि बॉयलर पेटत नाहीं म्हटलें कीं कारखान्याला माणुसकी ताबडतोब आठवते.

सरकार करील तेव्हां करील. तोंवर आपण काय करायचें? उचल घेतांना कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टँपवर अंगठा देऊं नका. किती रक्कम, कोणत्या कारखान्यासाठीं, कोणत्या दरानें, हें शाळेंत जाणाऱ्या पोराकडून वहींत लिहून घ्या. त्यावर बायकोचेंहि नांव घाला. जाण्याआधीं ग्रामसेवकाकडून दोघांचीं ओळखपत्रें मागा. वजनाच्या चिठ्ठ्या जपा; मोबाईलवर त्यांचे फोटो काढा. उचल दिली म्हणून माणसाला डांबून ठेवणें, मारणें, पोर गहाण ठेवून घेणें, हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें गुन्हा आहे. त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे करतां येते. आणि कोणत्याहि बाईला जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, हें लक्षांत ठेवा. डॉक्टरनें पिशवी काढायला सांगितलें तर सरकारी दवाखान्यांत दुसरें मत घेतल्याशिवाय पोटावर सुरी चालवूं देऊं नका.

आतां शेवटची गोष्ट, आणि ती ऊस पिकविणाऱ्या शेतकरी बांधवांसाठीं आहे. ती थोडी कडू लागेल. तोडणीच्या वेळीं तुमचें व टोळीचें भांडण होतें; टोळी वर पैसे मागते, तुम्ही चिडतां. तुमचा राग खोटा नाहीं. पण भांडण लागतें तें दोन उपाशांचें, आणि ज्यानें दोघांचा हिशेब ठेवायचा तो बाजूला उभा राहून पाहतो. आणि तो कोण? सहकारी कारखाना कोणाचा? भागाची पावती कोणाच्या घरांत आहे? सभासद तुम्ही. म्हणजे कायद्याच्या भाषेंत बैलाचे धनी तुम्हीच आहांत. धन्यानें संचालकांना विचारलें नाहीं, तर दुसऱ्या कोणीं विचारायचें?

वार्षिक सभा होते. तेथें उसाच्या भावावर बोलणें होतें, रिकव्हरीवर होतें, चहा होतो आणि सभा उठते. ह्या वर्षीं एक प्रश्न लेखी द्या: आपल्या कारखान्याचा ऊस किती बायकांनीं तोडला, त्यांचीं नांवें कोणत्या वहींत आहेत, आणि त्यांच्यापैकीं किती आजारी पडल्या? उत्तर नसेल तर पुढल्या सभेला पुन्हां विचारा. कारागीर बांधवांनो, तुमच्या कोयत्याला धार लावणारा लोहार आणि गाडीचें चाक बसविणारा सुतार ह्याच सभेंत बसला आहे. त्याची रोजी ह्याच फडावर चालते, म्हणून हा प्रश्न त्याचाहि आहे.

तेव्हां मी सभेपुढें हा ठराव मांडतों: "ह्या गांवांतून तोडणीला जाणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाची स्वतंत्र नोंद ग्रामपंचायतींत निघण्यापूर्वीं व्हावी, तिची एक प्रत ज्या कारखान्याकडे तीं जाणार त्या कारखान्याला आणि एक साखर आयुक्तांना पाठवावी, आणि कारखाना हाच मुख्य मालक असें कायद्यानें ठरवावें अशी ही सभा सरकारकडे मागणी करते." ह्या ठरावाला अनुमोदन एखाद्या कोयत्यावर जाणाऱ्या बाईनें द्यावें, अशी माझी विनंति आहे. आजवर ठराव आम्हीं मांडले व हात आम्हींच वर केले. आज बाईनें उठून आपलें नांव सांगावें, आणि चिटणिसांनीं तें वहींत पहिलें लिहावें.